एक वाजून वीस मिनिटांचा धक्का

वीस वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका बुधवारी दुपारी एक वाजून अकरा मिनिटांनी पुणे शहरात भूकंपाचा धक्का जाणवला. केंद्र वायव्येला, हजार किलोमीटरहून अधिक दूर होते. शहरात जीवितहानी झाली नाही. त्यानंतर नऊ मिनिटांनी शहराच्या पश्चिमेला दुसरा, अगदी लहान धक्का बसला, असे मी आज मानतो. पहिल्या धक्क्याची बातमी मी लिहिली. दुसरा त्याच बातमीत मी बुजवला.

तेव्हा मी एका मराठी दैनिकात शहराचे पान पाहत होतो. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. धक्का बसला तेव्हा टेबलावरचा चहा हलला नाही की फाइली पडल्या नाहीत. थंडीमुळे बंद असलेला छताचा पंखा मात्र सावकाश झुलू लागला आणि बराच वेळ झुलत राहिला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मला चक्कर येतेय का?" मी पंख्याकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "मग त्यालाही येतेय."

पाच मिनिटांत फोन सुरू झाले. पुण्यात भूकंप झाला की लोक आधी वर्तमानपत्राला कळवतात आणि मग घराबाहेर येतात. मी वृत्तपत्री कागदाच्या चिठ्ठ्या पुढ्यात घेतल्या आणि प्रत्येक फोनची एक चिठ्ठी केली. नाव, पत्ता, फोन नंबर, काय हलले, किती वाजता. वेळा अर्थातच जुळत नव्हत्या. कोणी एक दहा सांगत होते, कोणी सव्वा. हे नेहमीचेच होते. अपघात असो वा आग, दहा साक्षीदार दहा वेळा सांगतात आणि त्यातून एक वेळ ठरवणे हे आमचे काम असते. ते मी अकरा वर्षे करत होतो आणि मला ते चांगले जमते असा माझा समज होता.

त्या दिवशी वेळ ठरवण्याचे साधनही आयते मिळाले. कसबा पेठेत एक घड्याळजी होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या वडिलांपासूनचे दुकान, समोरासमोर दोन भिंती आणि त्यांवर दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळे. दोनच्या सुमारास मी चालत तिथे गेलो. सात घड्याळे चालू होती, त्यांतली चार बंद पडली होती. तीन घड्याळे एक अकरावर, चौथे एक बारावर.

"हलवू नका हो कोणी, पेपरवाले आलेत," चाचा दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना म्हणाले. मग मला म्हणाले, "भिंत हलली नाही, काच हलली नाही. लंबकच वेडावाकडा व्हायला लागला. या भिंतीवरचे सगळे थांबले, त्या भिंतीवरचे चालू. भूकंपालासुद्धा आवडनिवड असते बघा."

मी छायाचित्रकाराला बोलावून घेतले. एकाच वेळेवर थांबलेली तीन घड्याळे, असे ते चित्र होते. कचेरीत परतलो तेव्हा बातमी माझ्या डोक्यात तयार होती.

तीन वाजून गेल्यावर एका बाईंचा फोन आला. दीड वाजल्यापासून लाइन मिळत नव्हती, असे त्यांनी आधी बोलून घेतले.

"वारज्याहून बोलतेय. आमच्याकडे एक वीसला धक्का बसला."

"एक अकराला," मी म्हणालो.

"एक वीसला."

"बाई, सगळ्या शहरात एक अकराला बसलाय."

"शहरात बसला असेल. आमच्याकडे एक वीसला बसला. कपाटातली ताटं वाजली, फळीवरचे डबे एकमेकांवर आपटले, आणि खालून आवाज आला, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. दोन सेकंद. संपलं."

"तुमचं घड्याळ पुढे असेल."

"अहो, ह्यांची दुपारची पाळी असते कात्रजला. बस चुकू नये म्हणून मी ते रोज रेडिओच्या बातम्यांना लावते. आपलं कशाला लावलेलं असतं?"

मी त्यांना कसब्यातल्या चार घड्याळांबद्दल सांगितले.

"म्हणजे बंद पडलेल्या घड्याळांवरून तुम्ही माझं चालू घड्याळ चूक ठरवताय?"

मी काहीतरी समजुतीचे बोललो. "बरं. तुमचंच खरं. छापा," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शिवणे आणि बावधन इथूनही असे दोन फोन आले होते. आवाज, भांडी, दोन-तीन सेकंद, वेळ एक वीसच्या आसपास. त्या दोन्ही चिठ्ठ्या माझ्यासमोर होत्या. मी तिन्ही एका जागी ठेवून पाहिल्या नाहीत. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्यांवरून एक स्वच्छ यादी केली. नाव, पत्ता, फोन, काय हलले. वेळ सगळ्यांची एकच म्हणून ती वरती, मथळ्याशेजारी, एकदाच लिहिली. एक रकाना कमी झाला आणि यादी एका पानात बसली.

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली. 'दुपारी एक वाजून अकरा मिनिटांनी वारजे, शिवणे, बावधनसह शहराच्या सर्व भागांत दिवे झुलले, भांडी खणखणली,' असे दुसरे वाक्य होते. वर घड्याळांचे चित्र. संपादकांनी वेळेच्या अचूकपणाबद्दल बैठकीत माझे नाव घेतले.

तीन आठवड्यांनी एक गृहस्थ कचेरीत आले. शहरातल्या भूकंपमापन केंद्रात ते साहाय्यक होते. आमची सहा वर्षांची ओळख होती, पण फोनवरची. भूकंप झाला की मी विचारायचो आणि ते केंद्राचा आकडा सांगायचे. वय पन्नाशीच्या आतबाहेर, शर्टाच्या खिशात भिंग. त्यांचे काम यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावरचा कागद रोज सकाळी उतरवून, त्यावरची रेघ भिंगाखाली वाचण्याचे होते. त्यांनी टेबलावर एक पारदर्शक कागद उलगडला. बुधवारच्या रेघेची नक्कल त्यांनी हाताने काढली होती.

"इथे तुमचा मोठा भूकंप," ते म्हणाले. रुंद, संथ लाटा होत्या, एकीमागून एक, कागदाच्या ओळीच्या ओळी व्यापलेल्या. "आणि इथे बघा." एका लाटेच्या उतारावर केसांसारखी बारीक थरथर बसली होती. बोटाच्या पेराएवढीही नव्हती. "एक वाजून वीस मिनिटं. हा वेगळा आहे. लहान आहे आणि जवळचा आहे."

मी विचारले, मोठ्याच्याच लाटा कमीजास्त होत असतील, तसे कशावरून नाही?

"मोठा भूकंप म्हणजे लहान भूकंप जोरात वाजवलेला, असं तुम्हा लोकांना वाटतं. तसं नसतं." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "लहान भूकंपात खडकाची लहानशी फट सरकते. काम क्षणात उरकतं, म्हणून लाटा आखूड, घाईच्या. मोठ्यात फट मैलोन्मैल फाटत जाते, त्याला वेळ लागतो, म्हणून त्यात लांब, संथ लाटा येतात. आकडा एकाने वाढला की रेघ दहापट उंच होते आणि शक्ती तीसेक पट वाढते, हे तुम्ही छापता. पण नुसती उंची वाढत नाही हो, जातच बदलते. गणपतीची मिरवणूक दूर असली की काय ऐकू येतं?"

"ढोल."

"ताशा?"

"नाही."

"ताशा रस्त्यातच विरतो. जवळ आल्याशिवाय ऐकू येत नाही. हजार किलोमीटरवरून आलाय तो ढोल. त्याने पंखे झुलतात, लंबक थांबतात, टाकीतलं पाणी हिंदकळतं. भांडी वाजत नाहीत. आणि ताशा कितीही बडवला तरी त्यातून ढोल निघत नाही. ही थरथर ताशाची आहे. म्हणजे वाजवणारा इथेच कुठेतरी आहे."

किती जवळ, तेही त्यांनी मोजले होते. धक्क्याची पहिली, वेगवान लाट आणि तिच्यामागून येणारी दुसरी, यांच्यात जेवढे अंतर, तेवढा भूकंप दूर. कागदावर ते अंतर दोन मिलिमीटर होते. दोन सेकंद. म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर. पण एका यंत्रावरून अंतर कळते, दिशा कळत नाही. केंद्रातल्या वरिष्ठांनी त्यांची नोंद पाहून समासात लाल शाईने 'सुरुंग?' असे लिहिले होते. पश्चिमेच्या टेकड्यांत दगडखाणी होत्या आणि कामगार जेवायला बसले की तिथे सुरुंग उडवत.

"संगणकावर असतं तर मोठ्या लाटा गाळून बारीक तेवढी बाजूला काढली असती," ते म्हणाले. "कागद गाळता येत नाही. मला माणसं हवीत. एक वीसला भांडी वाजली असं वेगवेगळ्या गावांतल्या दोघा-तिघांनी सांगितलं असेल तर तो सुरुंग नाही. सुरुंग एका टेकडीपलीकडे जात नाही. तुमच्याकडे फोन आले असतील."

तेव्हा मला वारज्याच्या बाई आठवल्या. चिठ्ठ्या शनिवारच्या रद्दीत गेल्या होत्या. मी त्या गृहस्थांना स्वच्छ यादी दिली.

त्यांनी ती भिंगाशिवाय वाचली. "वेळेचा रकाना कुठे आहे?"

"वर आहे. एकदाच."

"छान," ते म्हणाले. "सगळं शहर एका मिनिटाला हललं. आमच्या लाटासुद्धा एवढ्या शिस्तीच्या नसतात."

त्यांनी यादीतली तीन नावे पेन्सिलीने टिपली. भांडी आणि आवाज, दोन्ही सांगणारी तेवढीच तीन होती. त्या तिघांना मी फोन करावा, वेळ पुन्हा विचारावी आणि चार ओळींचा खुलासा छापावा, अशी त्यांची विनंती होती. खुलासा छापून आला तर तो कागदाला जोडून ते नोंद टिकवू शकत होते. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांचे, दूरचे भूकंप मोजले होते. पुण्याच्या कुशीतला, त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी शोधलेला हा एकच होता. हे त्यांनी एवढ्या शब्दांत सांगितले नाही. "पुण्याखालची जमीन गप्प आहे असं सगळे म्हणतात. एकदा खाकरली होती, एवढं यादीत राहावं," असे म्हणाले.

मी म्हणालो, बघतो.

त्या आठवड्यात महापालिकेच्या निवडणुकीची पाने होती. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. तीन फोनला पंधरा मिनिटे लागली असती. खुलासा छापायचा तर संपादकांकडे जावे लागले असते, आणि ज्या वेळेसाठी बैठकीत माझे नाव घेतले गेले तीच वेळ मी सगळ्या शहराला सारखी लावली होती, हे सांगावे लागले असते. त्या गृहस्थांनी दोनदा फोन करून विचारले. दोन्ही वेळा मी म्हणालो, या आठवड्यात होईल. तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला नाही. केंद्राच्या वर्षअखेरच्या यादीत त्यांची नोंद नव्हती.

पुढची सोळा वर्षे आम्ही भूकंपाच्या निमित्ताने बोलत राहिलो. तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. दरम्यान ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी मीही.

चार वर्षांपूर्वी त्यांचाच फोन आला. केंद्राचे जुने कागद संगणकावर चढवले जात होते आणि शहरात जाणवलेल्या धक्क्यांची यादी नव्याने होणार होती. दुरुस्त्या मागवल्या होत्या. "मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. तुमची ती एका पानाची यादी आहे का हो?"

यादी माझ्या घरी फाइलमध्ये होती. पेन्सिलीच्या तीन खुणा पुसट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. आम्ही दोघे रिक्षाने निघालो. शिवण्यातल्या पत्त्यावर दुसरी इमारत उभी होती आणि जुने भाडेकरू कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नव्हते. बावधनचे गृहस्थ वारले होते. त्यांच्या सुनेने चहा दिला आणि सांगितले की त्या धक्क्याविषयी घरात कधी बोलणे झाल्याचे तिला आठवत नाही.

वारज्याच्या बाई त्याच घरात होत्या. सत्तरी ओलांडलेली, केस पूर्ण पांढरे. मी कोण ते सांगितले.

"कसब्यातली घड्याळं!" त्या म्हणाल्या. मग आत हाक मारली, "अहो, बाहेर या. तुमची बस चुकवणारे आलेत."

त्यांचे यजमान बाहेर आले. बाईंनी बसायला सांगितले आणि बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर पाहिला होता. चित्रातली घड्याळे पाहिली होती. "म्हटलं, घड्याळजीकडची घड्याळं, तीही एक सोडून तीन. ती खोटं कशाला बोलतील? मी आमचं नऊ मिनिटं मागे केलं, रेडिओला लावणंही सोडलं."

"आणि माझी बस गेली," यजमान म्हणाले. "चार दिवस."

"तीन."

"चार. चौथ्या दिवशी साहेबांनी विचारलं, वारज्यात भूकंपानंतर दिवस उशिरा उजाडतो का."

"मग रेडिओला लावून बघितलं, तर मागेच होतं. नऊ मिनिटं बरोबर. परत पुढे केलं." बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला फोन करणार होते. पण म्हटलं, परत सांगाल माझंच चुकतंय."

माझ्यासोबतचे गृहस्थ हे सगळे मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी कोरा कागद काढला आणि आठवते ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्याल का, असे विचारले. बाईंनी आवाजाचे लिहिले, ताटांचे लिहिले, घड्याळ मागे केल्याचे आणि बस चुकल्याचे लिहिले. वेळेपाशी थांबल्या.

"एक वीस," मी म्हणालो.

"तुम्ही सांगू नका," ते गृहस्थ मला म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवले. "खरं सांगू का? आता मला ती वेळ आठवतेय की तुमच्याशी झालेलं भांडण आठवतंय, हे कोण सांगणार? त्या दिवशी विचारलं असतंत तर शपथेवर लिहून दिलं असतं." त्यांनी वेळेच्या जागी 'मी त्या दिवशी फोनवर सांगितली ती' असे लिहिले आणि सही केली.

तिथेच बसून मी दुसऱ्या कागदावर लिहिले की या बाईंनी त्या दुपारी मला फोनवर एक वाजून वीस मिनिटे ही वेळ सांगितली होती आणि मी ती बदलली.

"आठवतंय की वाटतंय?" त्या गृहस्थांनी विचारले.

"आठवतंय."

"मग सही करा."

परतताना रिक्षात, वारज्याच्या पुलावर, ते म्हणाले, "बाई हुशार आहेत. आमच्याकडे कागद वाचायला हव्या होत्या."

दोन्ही निवेदने, हाताने काढलेली नक्कल आणि माझी एका पानाची यादी त्यांनी मुदतीच्या दोन दिवस आधी स्वतः नेऊन दिली. पोच घेतली. उत्तर पाच महिन्यांनी आले. ते त्यांनी मला फोनवर सावकाश वाचून दाखवले. मूळ कागदाची चढवलेली प्रत त्या जागी इतकी स्पष्ट नव्हती की बारीक लाटा मोठ्यांपासून वेगळ्या काढता याव्यात. मूळ कागद त्या घडीवर फाटला होता. इतक्या वर्षांनंतरची निवेदने धरता येत नव्हती, घटनेच्या दिवशीची लेखी नोंद लागत होती. तशी नोंद उपलब्ध होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वारजे, शिवणे, बावधनसह सर्व भागांची वेळ एकच दिली होती.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "मुद्देसूद आहे."

मी म्हणालो, माझे चुकले.

ते म्हणाले, "तेव्हा खुलासा छापला असतात तर तीन साक्षी होत्या. आता एक आहे, आणि तीही प्रामाणिक निघाली." त्यानंतर त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

नवी यादी गेल्या वर्षी प्रसिद्ध झाली. त्या बुधवारच्या तारखेला तीत एक नोंद आहे. वेळ दुपारी एक वाजून अकरा मिनिटे, केंद्र दूरचे, वायव्येला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे: 'पुण्याच्या सर्व भागांत एकाच वेळी जाणवला.'